घर बांधून देणारे टीव्ही कार्यक्रम : बस हटल्यानंतर पुढे काय?

कवडसा
गेले दोन आठवडे रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि लेक 'एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन'चे जुने भाग बघत बसतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २००३ च्या डिसेंबरात हा कार्यक्रम सुरू झाला आणि २०१२ पर्यंत चालला. अडचणीतलं एक कुटुंब निवडायचं, त्यांना आठवडाभर सहलीला पाठवायचं आणि शेकडो स्वयंसेवकांनी सात दिवसांत जुन्या घराच्या जागी नवं घर उभं करायचं. शेवटी घरासमोर एक मोठी बस आडवी लावलेली असते. सूत्रधार टाय पेनिंग्टन आणि जमलेली गर्दी 'बस हटवा' असा घोष करते, बस सरकते आणि घरातली माणसं तोंडावर हात धरून रडायला लागतात. आम्हीही रडतो.

परवा मात्र एका मुलाच्या खोलीत गाडीच्या आकाराचा पलंग दाखवला आणि माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आई, त्याचे पाय पलंगाबाहेर यायला लागले की मग?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, "एवढ्या दिव्यांचं बिल कोण भरणार?"

दोन्हींचं उत्तर मला देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. घर मिळालं हे खरं. पण त्या माणसांना जे हवं होतं तेच मिळालं का? आणि कॅमेरे गेल्यावर पुढे काय झालं? तुमचा विश्वास बसतो का या कार्यक्रमांवर?

पारंबी
लेकीला शंभरपैकी शंभर!

हिशेबनीस
बिलाच्या आधी कराचं बघा. अमेरिकेत बक्षीस म्हणून मिळालेली वस्तू उत्पन्नात धरतात. लाखो डॉलरचं घर बक्षीस ठरलं, तर त्यावरचा कर भरायलाच ते घर विकावं लागेल. यावर कार्यक्रमवाल्यांनी वाट काढली होती. तिथल्या आयकर कायद्याच्या कलम २८०-ए मध्ये एक तरतूद आहे : राहतं घर वर्षात पंधरा दिवसांपेक्षा कमी काळ भाड्याने दिलं, तर ते भाडं उत्पन्नात दाखवावं लागत नाही. म्हणून कार्यक्रम चित्रीकरणापुरतं कुटुंबाचं घर भाड्याने घ्यायचा, आणि घरात केलेल्या सुधारणा हेच त्या दिवसांचं भाडं असं धरायचा. २००४ च्या सुमारास हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा करतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या होत्या. आठ-दहा दिवसांचं भाडं म्हणून अख्खं घर? हे टिकेल का, असा त्यांचा सवाल होता.

हे झालं आयकराचं. मालमत्ता कर वेगळा. घराची किंमत वाढली की तोही वाढतो आणि तो दरवर्षी भरावा लागतो. गरीब कुटुंबाला श्रीमंताचं घर दिलं की सोबत श्रीमंताची बिलं येतात. माझ्या मते या कार्यक्रमाची खरी गोम इथेच होती.

निशिगंध
हिशेबनीस, तुमच्या मुद्द्याला धरूनच : जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ लेक सिटी म्हणून गाव आहे. २००५ मध्ये तिथल्या एका कुटुंबाला घर बांधून दिलं, १८०० हून जास्त लोक मदतीला आले होते. मग त्याच घरावर त्या कुटुंबाने साडेचार लाख डॉलरचं कर्ज काढलं आणि बांधकामाच्या धंद्यात घातलं. धंदा बुडाला. २००८ मध्ये घर लिलावाला निघालं. सगळ्यांनी त्या कुटुंबाला नावं ठेवली.

माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. त्यांची मूळ अडचण काय होती? सेप्टिक टाकी तुंबलेली होती आणि घाण पाणी घरात उलटं यायचं. टाकी दुरुस्त करायला किती लोक लागले असते? पण दुरुस्त झालेली टाकी बघायला कोण टीव्ही लावेल?

रानवारा
असहमत. त्याच कुटुंबासाठी अडीच लाख डॉलर वेगळे जमा केले होते, मुलांच्या शिक्षणासाठी आणि घराच्या देखभालीसाठी. म्हणजे लोकांनी पुढचाही विचार केला होता. घर पूर्णपणे त्यांचं होतं. स्वतःच्या घरावर कर्ज काढायचं की नाही हा त्यांचा निर्णय. दिलेल्या वस्तूचं पुढे काय केलं म्हणून आयुष्यभर घेणाऱ्याच्या मागे लागायचं, हे मला पटत नाही. आणि २००८ मध्ये अमेरिकेत कुणाकुणाची घरं गेली तेही आठवा. कार्यक्रमात न गेलेल्यांचीही गेलीच की.

तुम्ही सगळे दिव्यांची बिलं मोजताय. त्या लोकांना छप्पर मिळालं, हे आधी मोजा.

निशिगंध
रानवारा, मी कुटुंबाला बोल लावतच नाहीये. उलट त्यांना जे बोल लागले त्याबद्दल वाईट वाटतं. शेजारच्याचं घर गेलं तर कुणाला पत्ता लागत नाही. यांचं गेलं ते जगभर छापून आलं. तेही त्या देणगीचंच ओझं, नाही का?

रानवारा
हा मुद्दा मान्य.

ओळंबा
सात दिवसांबद्दल बोलतो, कारण माझं आयुष्य साइटवर गेलं.

काँक्रीटची ताकद आपण २८ दिवसांची धरतो. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश येते. तोवर त्याला पाणी मिळत राहायला हवं. मग हे कसं जमवतात? एक म्हणजे लवकर ताकद धरणारं सिमेंट असतं, ते वापरतात. दुसरं, तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. भिंतींचे सांगाडे दुसरीकडे तयार करून आणतात आणि जागेवर उभे करून ठोकतात. त्यात ओलं काम फारच थोडं. २००२ मध्ये अलाबामात 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या घरं बांधणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या लोकांनी तयार पायावर साडेतीन तासांच्या आत घर उभं करून दाखवलं होतं. त्यामुळे घाईचं म्हणजे कच्चंच असतं, असं सरसकट म्हणू नये.

पण एका गोष्टीत घाई चालत नाही. वाळायला लागणारा वेळ. भिंतीच्या तक्त्यांचे सांधे भरतात ती लुकण थर वाळल्याशिवाय दुसरा थर घेत नाही. रंगाचंही तेच. लाकूड ओलं असताना झाकलं तर ते आत वाळतं, आणि वाळताना आकसतं. मग दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी बारीक भेग जाते. ती भेग पहिल्या दिवशी दिसत नाही, पहिल्या हिवाळ्यानंतर दिसते. तोवर टीव्हीवाले कधीच गेलेले असतात. एरवी आम्ही काम संपल्यावर वर्षभराने एक फेरी मारतो, दारं घासतात का बघतो, भेगा भरतो. बघायची गोष्ट ही आहे : कार्यक्रम नव्हे, ती वर्षाची फेरी कोण मारणार ते.

कवडसा
ओळंबादादा, ही तिरकी भेग आता मला प्रत्येक घरात दिसणार. आत्ताच उठून आमच्या दाराच्या वर बघून आले. आहे!

ओळंबा
घाबरू नका, केसाएवढी असेल तर लुकण भरून रंग मारा. बोटाचं नख आत जात असेल तर कुणाला तरी दाखवा.

जुनी_वही
हे सगळं नवीन नाही, मंडळी. अमेरिकेत 'क्वीन फॉर अ डे' नावाचा कार्यक्रम होता. १९४५ मध्ये रेडिओवर सुरू झाला, मग टीव्हीवर गेला, १९६४ पर्यंत चालला. काही बायका ओळीने येऊन आपापलं दुःख सांगायच्या. नवरा आजारी आहे, मुलाला चाकाची खुर्ची हवी आहे. मग प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या आणि टाळ्यांचा आवाज मोजणारा काटा असायचा. जिच्यासाठी काटा जास्त हलेल ती त्या दिवसाची राणी. डोक्यावर मुकुट, अंगावर मखमली झगा आणि तिने मागितलेली वस्तू.

जिंकलेल्या बाईपेक्षा मी नेहमी बाकीच्यांचा विचार करते. आपलं दुःख सगळ्यांसमोर उघडं करायचं, आणि काट्याने सांगायचं की तुझं कमी पडलं.

पारंबी
वही ताई, अंगावर काटा आला.

शिंपला
तो काटा गेलेला नाही, फक्त पडद्याआड गेला. २००६ मध्ये एक ईमेल बाहेर फुटली होती. होम एडिशनसाठी कुटुंबं शोधणाऱ्यांची ती यादी होती. कोणकोणते आजार असलेली माणसं हवीत ते त्यात ओळीने लिहिलेलं. प्रोजेरिया, म्हणजे मुलं अकाली म्हातारी होतात तो आजार. वेदनाच न जाणवण्याचा जन्मजात आजार, आणि त्याचे देशात किती थोडे रुग्ण आहेत त्याचा आकडासुद्धा. द्वेषातून हल्ला झालेलं कुटुंब.

तेव्हापासून मी हा कार्यक्रम बघू शकले नाही. मदत आधी ठरवून मग गरजू शोधले असते तर समजलं असतं. इथे दुर्मिळ आजार आधी ठरवला आणि माणूस नंतर शोधला. संधिवाताने जिना चढता न येणारी बाई या यादीत कधीच बसणार नाही, कारण तिच्यासारख्या लाखो आहेत.

सावली_माझी
मी इथे सहसा फक्त वाचते, आज लिहिते. माझा मुलगा चाकाच्या खुर्चीत आहे, आता अकरा वर्षांचा. शिंपला, तुमचा राग बरोबर आहे, पण दुसरी बाजू सांगू का?

तो दोन वर्षांचा होता तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. न्हाणीघराला उंबरा नको, जमीन सलग उताराची हवी म्हणजे खुर्ची सरळ आत जाते, हे मी अशाच एका कार्यक्रमात पहिल्यांदा पाहिलं. दार किती रुंद हवं, बेसिनखाली गुडघे जायला जागा कशी सोडतात, छतावरच्या रुळावरून माणसाला पलंगावरून उचलून न्हाणीघरापर्यंत कसं नेतात. मी वही घेऊन बसायचे आणि चित्रं काढायचे. कुणीही आम्हाला घर बांधून दिलं नाही, पण त्या वहीवरून सुताराने आमचं न्हाणीघर केलं. आधी त्याला आंघोळ घालायला दोन माणसं लागायची आणि चाळीस मिनिटं जायची. आता एकटी घालते.

तेव्हा ते कार्यक्रम बंद व्हावेत असं मी म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट तेव्हाही डोळ्यात खुपायची. पाच मिनिटं मुलाच्या आजारावर, दहा मिनिटं रडण्यावर आणि न्हाणीघर वीस सेकंद. मला तर ते थांबवून परत परत बघावं लागायचं.

शिंपला
सावली ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी असा विचारच केला नव्हता. वीस सेकंदांचं मात्र मनात राहणार.

हिशेबनीस
सावली ताई, त्या वहीतली चित्रं इथे टाकता येतील का? वेगळा धागा काढा, खूप जणांना उपयोग होईल.

सावली_माझी
शोधते. नक्की टाकते.

मैलाचा_दगड
ब्रिटनमधला बीबीसीचा 'डीआयवाय एसओएस' बघा. १९९९ पासून चालू आहे. २०१० पासून 'बिग बिल्ड' म्हणून मोठी कामं घेतात, सूत्रधार निक नोल्स. बीबीसीवर जाहिराती नसतात, त्यामुळे कपाट दाखवून कपाटवाल्याचं नाव घ्यायची भानगड नाही. होम एडिशनला सिअर्स दुकानांचं प्रायोजकत्व होतं आणि ते पडद्यावर लपत नव्हतं. डीआयवाय एसओएसमध्ये बहुतेक वेळा घर पाडत नाहीत, आहे तेच बदलतात : खालच्या मजल्यावर झोपायची खोली, रुंद दारं, सावली ताईंनी सांगितलं तसं न्हाणीघर. काम फुकट करणारे प्लंबर, गवंडी, वीजकाम करणारे पडद्यावर बराच वेळ दिसतात. २०१५ मध्ये मँचेस्टरमध्ये माजी सैनिकांसाठी त्यांनी एका गल्लीतली पडकी घरं दुरुस्त केली होती.

माझा विश्वास यावर जास्त बसतो. रडारड इथेही आहे. पण एखादा मोठा गडी प्लास्टर करता करता डोळे पुसतो, तेव्हा तो कशासाठी आलाय ते मला कळतं.

रानवारा
+१. कारागिरांना वेळ देतात हे फार आवडतं.

कोरा_कागद
होम एडिशनचं एक कोर्टातलं प्रकरणही आहे. आईवडील गेलेली पाच भावंडं एका ओळखीच्या कुटुंबाने आपल्याकडे राहायला घेतली होती. कार्यक्रमाने त्या कुटुंबाचं घर मोठं करून दिलं आणि २००५ मध्ये तो भाग दाखवला. नंतर भावंडं त्या घरातून बाहेर पडली आणि त्यांनी वाहिनीवर दावा लावला. करारात लिहिलं होतं की तंटा झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ते कलम अन्यायकारक ठरवलं. मुलं अजाण होती, नुकतेच आईवडील गमावलेले, आणि जाडजूड कराराच्या कोपऱ्यात ते कलम होतं.

कुठल्या कुटुंबाची चूक होती यात मी पडणार नाही. पण घर कुणाच्या नावावर झालं, हा प्रश्न कार्यक्रमात कधीच विचारला जात नाही. आपल्या डोळ्यांसमोर पाच मुलांना घर मिळतं. कागदावर ते दुसऱ्याच कुणाचं असतं.

पारंबी
अवांतर : आमच्याकडे पोरांनी नवीन खेळ काढलाय. पलंगावर चादर ताणून धरायची, 'बस हटवा' म्हणून ओरडायचं, चादर ओढायची आणि मागे बसलेल्या धाकट्याने ढसाढसा रडायचं. धाकटा इतकं मनापासून रडतो की काल शेजारच्या काकू धावत आल्या.

कवडसा
पारंबी, हे लेकीला वाचून दाखवलं. आता आमच्याकडेही सुरू होणार.

दूरची_वाट
मी अमेरिकेत राहते. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमासाठी आमच्या शेजारच्या गावात स्वयंसेवक म्हणून गेले होते. कार्यक्रमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

रात्री अकरा ते पहाटे पाच अशी आमची पाळी. मोठाले दिवे लावलेले, त्यामुळे दिवस-रात्र कळत नव्हती. मला आणि आणखी आठ-दहा जणांना अंगणात हिरवळ अंथरायचं काम दिलं होतं. गवताच्या तयार गुंडाळ्या येतात, सतरंजीसारख्या, पाठीला दोन बोटं मातीसकट. उचलायला भलत्या जड. गुंडाळी उलगडायची, शेजारच्या पट्टीला चिकटवून बसवायची, पायाने दाबायची. खालची जमीन आठवडाभर ट्रक फिरून दगडासारखी झाली होती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, माळीकाम केलेले. ते म्हणाले, खालची माती मोकळी केल्याशिवाय मुळं धरणार नाहीत. ज्याला सांगितलं तो पोरगा बिचारा चार रात्री झोपलेला नव्हता. तो म्हणाला, सकाळी दहाला कॅमेरा लागणार आहे, तोपर्यंत हिरवं दिसायला हवं.

आम्ही अंथरलं. सकाळी खरंच सुंदर दिसलं. बस हटली तेव्हा मी गर्दीत होते आणि मीही रडले. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. मी ओळखतही नव्हते अशी माणसं रात्रभर माझ्यासोबत चिखलात गुडघे टेकून बसली होती. इतकी माणसं एका कामासाठी जमलेली मी नंतर कधी पाहिली नाही.

म्हणून कवडसा, मला विचाराल तर लोकांचा चांगुलपणा शंभर टक्के खरा. ज्या घड्याळावर तो चांगुलपणा राबवला गेला ते मात्र त्या कुटुंबाचं नव्हतं, कॅमेऱ्याचं होतं.

ओळंबा
ते माळीबुवा बरोबर होते. आणि असं गवत पहिले दोन आठवडे रोज पाणी मागतं.

गोफण
हॅबिटॅटचा उल्लेख वर आलाय म्हणून लिहितो. १९७६ मध्ये फुलर दांपत्याने जॉर्जियातल्या अमेरिकस गावात ही संस्था काढली. तिथे घर फुकट मिळत नाही. कुटुंबाने ठरलेले तास स्वतः काम करायचं, स्वतःच्या घरावर आणि दुसऱ्यांच्याही. मग झेपेल अशा हप्त्यांनी कर्ज फेडायचं, आणि आलेल्या हप्त्यांतून पुढच्यांची घरं. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९८४ पासून पत्नीसह तिथे हातोडा घेऊन जायचे. २०१९ मध्ये, पंचाण्णव वर्षं पूर्ण झाल्यावर, पडून डोळा काळानिळा झालेला असताना नॅशव्हिलच्या कामावर हजर होते.

हॅबिटॅटच्या एका कामावर मी तीन शनिवार गेलोय. ज्या बाईंचं घर होतं त्याच मला खिळे कसे धरायचे ते शिकवत होत्या. तोपर्यंत त्यांचे दोनशेहून जास्त तास भरले होते. बस नव्हती, कुणी रडलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, त्या कोपऱ्यातला सांधा मी भरलाय, तिथे हात लावू नका.

मैलाचा_दगड
गोफण, फार सुंदर. पण एक म्हणेन, टीव्ही नसला म्हणजे सगळं नीट होतंच असं नाही. कॅटरीना वादळानंतर अभिनेता ब्रॅड पिटच्या 'मेक इट राइट' संस्थेने न्यू ऑर्लिन्समध्ये १०९ घरं बांधली. नामवंत वास्तुरचनाकार, हेतू चांगला. काही वर्षांत लाकूड कुजायला लागलं, छतं गळायला लागली आणि २०१८ मध्ये रहिवासी कोर्टात गेले. ओळंबांनी म्हटलेली ती वर्षाची फेरी तिथेही कमी पडली.

रानवारा
मी सुरुवातीला जरा तावातावाने लिहिलं. अजूनही म्हणतो की छप्पर मिळालं हे मोठंच. पण दूरची_वाट यांचं वाचून पटलं की सात दिवसांचं बंधन कुटुंबासाठी नव्हतंच. चौदा दिवस लागले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? ती माणसं इतकी वर्षं थांबली होती.

कवडसा
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला निवडून निवडून वाचून दाखवलं. बिलाचं उत्तर तिला मिळालं, पलंगाचं मी सांगितलं की सुतार लांबवून देईल. कार्यक्रम बघायचा थांबवणार नाही, पण सावली ताईंसारखी न्हाणीघराच्या जागी थांबणार आहे.

तिचा एक प्रश्न उरलाय, तो दूरची_वाट यांना. ते गवत जगलं का?

दूरची_वाट
अर्धं जगलं. दोन-तीन आठवड्यांनी मी त्या रस्त्याने गेले होते. उन्हाच्या बाजूच्या पट्ट्यांचे सांधे पिवळे पडून उघडे दिसत होते. सावलीकडचं हिरवं होतं. समोरच्या घरातल्या आजी आपल्या नळाला लांब पाइप जोडून रस्ता ओलांडून पाणी घालत होत्या. मी गाडी थांबवून विचारलं तर म्हणाल्या, त्यांना मुलाला घेऊन रोज इस्पितळात जावं लागतं, मग मीच घालते. त्या आठवड्यात स्वयंसेवकांमध्ये त्यांना पाहिल्याचं आठवत नाही.

लेकीला सांगा, मी पाइपचं दुसरं टोक धरलं होतं थोडा वेळ.